ओलं तळघर आणि उपडी परात

फार फार वर्षांपूर्वी, सात डोंगरांच्या पल्याड, एका गावात सोमजी नावाचा म्हातारा राहत होता. घरात गाडीवान मुलगा आणि येसू नावाची सून. येसूची आई म्हणजे त्या मुलखातली नावाजलेली सुईण.

त्या मुलखात बारा गावं. बारा गावांचं पेरणीचं बियाणं एकाच घरी ठेवायचं, असा रिवाज. तो मान आपल्या घरी यावा म्हणून सोमजीनं जन्मभर राबून दगडी घर बांधलं, खाली ऐसपैस तळघर खणलं. दसऱ्याला घर उभं राहिलं. महिन्याभरात बियाण्याच्या गाड्या येणार होत्या.

सोमजी गवंड्याला म्हणाला, "उद्या गिलावा, परवा सागवानी फळ्या. तळघर कसं नवरीसारखं सजलं पाहिजे."

येसूनं भिंतीवर तळवा टेकवला. म्हणाली, "मामंजी, ही नवरी नव्हे, ओली बाळंतीण आहे. दगड भर पावसात बसवलेत. आत्ताच फळ्या ठोकल्या तर ओल मागं कोंडेल आणि दाणा कुजेल."

"मग काय, तळघराला डिंकाचे लाडू चारू?" सोमजी चिडला.

"लाडू नकोत. शेगडी द्या, वारा द्या, आणि सवड द्या."

गवंडी खो खो हसला. "सुइणीची लेक ती! तिला भिंतीतलं काय कळतंय?"

येसू वाद घालत बसली नाही. तिनं पितळी परात आणली, तळघराच्या भुईवर उपडी घातली आणि कडा मेणानं बंद केल्या. तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी परात उचलली. वरून कोरडी ठाक, आतून मात्र पाण्याचे थेंब निथळत होते.

गवंडी आता हसला नाही. "हा हवेचा दमटपणा नाही," तो हळूच म्हणाला. "भुईतून पाणी चढतंय. डोंगराच्या बाजूनं येत असणार."

आणि ऐका, सोमजीचं मोठेपण इथं आहे. गाड्या दारात आल्या, बारा गावचे पाटील उतरले, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "पाटील, माझं घर अजून ओलं आहे. तुमचं बियाणं मी आत घेणार नाही."

"घर बांधलंस का विहीर खणलीस?" एक पाटील म्हणाला. सगळे हसले. गाड्या वळल्या. ज्यासाठी जन्म घालवला तो मान धुरळा उडवत गेला. सोमजी डोळे पुसून आत आला आणि म्हणाला, "सूनबाई, सांग आता. कुठून सुरुवात करू?"

मग डोंगराच्या बाजूला खोल चर खणला, त्यात दगडगोटे भरले, पाण्याला ओढ्याकडे वाट करून दिली. भिंती उघड्याच ठेवल्या. येसू रोज शेगडी पेटवायची, दुपारी झरोके उघडायची. असा एक हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पावसाळा तर धो धो कोसळला. तो सरल्यावर येसूनं पुन्हा परात घातली. चौथ्या दिवशी आत एक थेंब नव्हता. मगच गिलावा झाला, मगच फळ्या लागल्या.

तेवढ्यात पाटील आपणहून आले. त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर म्हणाला, "आमच्या दाण्यासाठी ज्यानं दारातला मान परत पाठवला, त्याच्याकडे डोळे झाकून बियाणं ठेवू."

पुढच्या सालची पेरणी अशी उगवली की शेतात रिकामी जागा शोधून सापडेना. राजापर्यंत बातमी गेली. राजानं बियाण्याचा मान सोमजीच्या घराला पिढ्यान् पिढ्या दिला. राणी स्वतः आली, आणि तिनं बारा गावच्या बियाण्यानं येसूची ओटी भरली. त्या दिवसापासून त्या घरात कशाला म्हणून उणं पडलं नाही.

बाळांनो, बोध एवढाच: आतली ओल झाकू नये, ती कबूल करावी आणि सुकेपर्यंत धीर धरावा.