भरतीला उघडलेली उघाडी

तेव्हा राज्य कोणाचं होतं हे सांगायला आज कोणी उरलेलं नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. खाडीच्या काठी एक गाव होतं. मधे लांबलचक मातीचा बांध, बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती. बांध होता म्हणून भात होता, आणि भात होता म्हणून गाव होतं.

हा बांध एका म्हाताऱ्या धन्याने घातला होता. खाडीत कोणी बुडत असलं की धनी स्वतः पाण्यात उतरून त्याला बाहेर काढी, घरी नेई आणि बांधाच्या आत शेताचा एक वाटा त्याच्या नावे करी. हा वाटा मागून किंवा राबून मिळत नसे. आणि एकदा दिला की धनी तो परत घेत नसे.

असाच एक माणूस होडी उलटून बुडत होता. धन्याने त्याला ओढून काढलं, कोरडं धोतर नेसवलं, गरम पेज पाजली.

"आजपासून तू घरचा," धनी म्हणाला. "एकच सांभाळ. बांधात ही लाकडी झडप आहे, हिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीआधी ती लावून घ्यायची. भरतीला मात्र तिला हात लावायचा नाही. खारं पाणी आत आलं की भात जळतो."

माणूस मनापासून राबू लागला. एकदा तो उघाडी लावायला विसरला आणि कडेची रोपं करपली. तो रडत धन्याकडे गेला. धन्याने त्याला जवळ घेतलं, माफ केलं आणि स्वतः त्याच्याबरोबर चिखलात उतरून नवी रोपं लावली.

बांधावर एक बगळा बसायचा. बगळ्याचं ध्यान तुम्हाला ठाऊकच आहे, डोळे मिटलेले आणि पोट जागं. तो एक दिवस म्हणाला, "भरतीला उघाडी थोडी उघड की. कोळंबी आपल्या पायांनी आत येते. तुला टोपलीभर, मला चोचभर."

"शेत नासेल."

"मागे नासलंच होतं ना? धन्याने माफ केलं. माफ करणं त्याचा स्वभावच आहे. आणि वाटा तर तो परत घेत नाही. मग भितोस कशाला?"

इथे मला बोलल्यावाचून राहवत नाही. उघाडी लावायला विसरणं निराळं आणि भरती पाहून ती उघडणं निराळं. या माणसाला भरती कळत होती, मीठ कळत होतं, धन्याचा शब्दही पाठ होता. तरी त्याने उघाडी उघडली. धन्याच्या चांगुलपणाचा त्याने पापाला टेकू दिला, याचा मला आजही राग येतो.

कोळंबी गोड लागली. मग त्याला चटकच लागली. हळूहळू तो धन्याच्या पंगतीला जाईना. धनी हाक मारी, तेव्हा हा पोट दुखतं म्हणून पडून राही. खरं दुखणं पोटाचं नव्हतं.

शेवटी एकदा उधाणाची भरती आली. अर्धवट उघडलेली उघाडी पाण्याच्या लोंढ्याने उखडली, बांधाला भगदाड पडलं आणि त्याचं शेत, शेजारच्या विधवेचं शेत, दोन्ही खाऱ्या पाण्याखाली गेली.

गाव गोळा झालं. ती बाई म्हणाली, "हा विसरला असता तर मी ब्र काढला नसता. यानं जाणूनबुजून केलंय, ही बघा उघाडीपाशी याची कोळंबीची टोपली. माझ्या लेकरांच्या तोंडचा घास घालवला."

"हाकला त्याला," लोक ओरडले. धनी मात्र तडक भगदाडाकडे गेला.

माणूस पळत खाडीवर आला आणि एका होडीत जाऊन बसला. बगळा हजरच होता.

"आता विसर ते घर," बगळा म्हणाला. "चुकून घडलं असतं तर गोष्ट वेगळी. जाणूनबुजून केलेल्याला माफी नसते. चल पलीकडे, तिथे बांधही नाही आणि धनीही नाही."

माणसाने मान वर केली. "मागे म्हणालास, भिऊ नकोस, माफी मिळेलच. आज म्हणतोस, माफी मिळणार नाही. मला त्या घरातून काढण्यासाठीच तू दोन्ही वेळा बोललास."

"धनी तुला हाकलून देईल."

"दिलं तर देऊ दे. पण ते मी त्याच्या तोंडून ऐकेन, तुझ्या नाही."

तो होडीतून उतरला. कमरेइतका चिखल होता. दोनदा पडला, उठला आणि चालतच राहिला.

धनी भगदाडात उभा राहून पाठीने पाणी अडवत होता. माणूस त्याच्यासमोर हात जोडून म्हणाला, "बाबा, मी विसरलो नव्हतो. मला सगळं ठाऊक होतं. तुम्ही माफ करालच, हे धरून मी केलं. ते सगळ्यात वाईट केलं."

धन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माफ केलं," तो म्हणाला. "आता माती दे."

भगदाड बुजलं, पण शेतातलं मीठ माफीने धुऊन निघत नाही. पावसाचं गोडं पाणी शेतात साठवायचं, ओहोटीला सोडायचं, पुन्हा साठवायचं. माणसाने आधी त्या बाईचं शेत धुतलं. तिने कितीतरी दिवस त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो तरीही जात राहिला. कित्येक पावसाळे गेले, तेव्हा कुठे तिच्या शेतात भात उभा राहिला आणि तिने त्याला बांधावर बसवून पाणी दिलं.

एकदा धन्याच्या पंगतीला जेवताना त्याने विचारलं, "बाबा, त्या दिवशी माझा वाटा गेला होता का?"

"नाही."

"आणि मी होडीतून पलीकडे निघून गेलो असतो तर?"

धन्याच्या हातातला घास तसाच राहिला. "तर वाटा इथेच राहिला असता, आणि तू तिथे उपाशी मेला असतास. मी मात्र रोज तुझं पान मांडत राहिलो असतो."

म्हणून लहानथोरांनो, हे गाठीला बांधा: देवाची क्षमा गृहीत धरून कोणी मुद्दाम पाप करू नये, आणि मुद्दाम पाप केलं म्हणून कोणी त्याच्या क्षमेकडे पाठ फिरवू नये.