चार दोषांचा कागद

गगनबावड्याचे तातोबा सुतार जुनी जीप घेऊन कोल्हापूरच्या शोरूमवर गेले, तेव्हा त्यांची बायको मागच्या सीटवर कण्हत होती. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे. आता तिला बसवत नव्हतं, म्हणून आडवं झोपवून नेता येईल अशी मोठी गाडी हवी होती. जीपचे दोन लाख आले तरच ती मिळणार होती.

मॅनेजर निंबाळकरांनी जीपभोवती एक चक्कर मारली. बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

"काका, इंजिन गेलंय. चेसिस वाकलीय. क्लच संपलाय. टायर झिजलेत. ऐंशी हजार देतो, तेही काकूंकडे बघून."

"कबूल," तातोबा म्हणाले. "फक्त हे चार दोष सहीशिक्क्यानिशी लिहून द्या."

निंबाळकरांनी हसत हसत लिहून दिलं. "फ्रेम करून लावणार काय घरात?"

"नाही. उद्या तुम्ही ही जीप विकायला काढाल. मी समोरच्या टपरीवर बसेन आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हा कागद वाचायला देईन. माझी गाडी घेऊन कुणी मरायला नको."

निंबाळकरांचं हसू मावळलं. मग त्यांनी कागद परत मागून घेतला आणि इंजिन खोडलं. चेसिस खोडली, क्लच खोडला. रक्कम दोन लाखांवर आली. पेन टायरवर टेकलं, तसा तातोबांनी त्यांचा हात धरला.

"ते राहू द्या. ते खरं आहे. हिला दवाखान्यात नेण्यातच झिजलेत."