शेवटच्या माणसाचं सँडविच

लोखंड आणि विस्तव एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची गोष्ट. गड चढून आलेल्या मंडळींनी माळावर शेकोटी पेटवली आणि लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये बटाट्याचं सँडविच घातलं. त्यांची रीत अशी, की सर्वांत शेवटी पोहोचेल त्याने पहिला घास खायचा. आज मागे राहिले होते म्हातारे भिकोबा. पाय मुरगळलेल्या नातीला ते पाठुंगळी घेऊन येत होते.

"माझ्यावर धर," ज्वाळा टोस्टरला म्हणाली, "क्षणात भाजते."

तळातला निखारा म्हणाला, "जरा थांब. मी सावकाश भाजीन."

"तू? तुझ्यावर तर राख चढलीय!" म्हणत टोस्टर ज्वाळेत शिरला. एकामागून एक सँडविच करपलं, आत बटाटा मात्र गारच.

पावाचे दोनच काप उरले, तोवर ज्वाळाही विझली. टोस्टर मुकाट्याने निखाऱ्यावर टेकला.

भिकोबा आले. अर्धं सँडविच त्यांनी नातीला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं.

"आतपर्यंत गरम आहे रे! कसल्या विस्तवावर भाजलंत?"

"काय उंच जाळ होता म्हणून सांगू, भिकोबा!" सगळे म्हणाले.

टोस्टरने खाली पाहिलं. तिथे निखाऱ्याची नुसती राख उरली होती. त्याचं लोखंड मात्र अजून तापलेलंच होतं.