दोडक्याच्या मांडवाखालचा हंडा

एका राज्यात, जिथले डोंगर निळे होते आणि नद्या संथ होत्या, जितवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. शूर होता, न्यायी होता, पण त्याला एक वेड होतं. राजवाड्यात कुठं काही मोडलं, की तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. मुकुट काढून ठेवी, थापी हाती घेई, स्वतः गिलावा करी. राणी कनकावली म्हणे, "महाराज, गवंडी कधीचे उभे आहेत." राजा म्हणे, "एवढं झालं की उठतोच."

एके दिवशी तो परसात दोडक्याच्या वेलासाठी मांडव घालत होता. खांबाचा खड्डा खणता खणता कुदळ खणकन वाजली. खाली तांब्याचा हंडा, हंड्यात सोन्याचे पत्रे. राजा हरखला. सैपाकघराची चौकट त्याला किती दिवस फिकी वाटत होती. ती त्यानं सोन्यानं मढवली, आणि तिथून घराचं डोकं फिरलं.

राणी सैपाकघरात शिरली ती घोड्यांच्या पागेत निघाली. राजा दरबाराला निघाला तो धान्याच्या कोठारात पोचला. त्यानं दाराच्या बिजागऱ्या बदलल्या, तर विहिरीचं पाणी उलटं होऊन आभाळाकडे चढू लागलं. विहिरीचा काठ नव्यानं बांधला, तर वेलाला दोडक्यांऐवजी पितळी कुलपं लागली. एक दुरुस्त करावं, तर दुसरं बिघडावं. आधी काय बिघडलं नि नंतर काय, हेही राजाला सांगता येईना.

अशात सात वर्षांची राजकन्या वसुमती ताक आणायला म्हणून सैपाकघरात गेली, ती बाहेर आलीच नाही. संध्याकाळी भिंतीतून तिचा आवाज आला.

"बाबा, इथं खूप दारं आहेत. कुठलं उघडू?"

राजानं घण घेतला, भिंत फोडली. आत दुसरी भिंत. ती फोडली. आत तिसरी. आवाज मात्र दूर दूर जाऊ लागला. राणीनं त्याचा हात धरला. भिंतीला गाल लावून ती म्हणाली, "बाळ, दार उघडू नकोस. एका जागी बस आणि मोठ्यानं आकडे मोज. आम्ही येतो."

सकाळी राजा परसात येऊन बसला. पुढं काय करावं, त्याला कळेना. जवळच्या उंबरावर एक धनेश पक्षी चोचीनं ढोलीचं तोंड लिंपत होता. आत त्याची मादी अंड्यांवर बसली होती. तो म्हणाला, "राजा, आता भिंत फोडू नकोस. दर घावागणिक घर तिला एक खोली आत नेतं."

"हे कुणाचं करणं?"

"धूम्राक्ष मांत्रिकाचं. त्यानं याच जागी एक अदृश्य घर बांधायला घेतलं आणि आपलं सोनं परसात पुरलं. त्या सोन्यानं जो घर मढवील, त्याच्या घराला आपली जागा आठवणार नाही, असा शाप ठेवला."

"उपाय सांग."

"तीन कामं आहेत. विहिरीच्या तळाशी मांत्रिकाचा ओळंबा आहे, भिंत सरळ आहे का ते पाहायचा, तो आण; घर जागेवर आलं की तो सरळ लोंबेल. वेलावरच्या कुलपांतलं एकच खरं आहे, ते हातानं तोड आणि सैपाकघराच्या दाराला लाव. मग चौकटीचं सोनं उतरव. तिळाएवढंही ठेवू नकोस."

राजा विहिरीत उतरू लागला. जितकं खाली जावं, तितका तो काठाशीच. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि वर चढणाऱ्या पाण्याबरोबर वर चढला. तळ हाताला लागला. तिथं दोरीला बांधलेला ओळंबा होता, पण तो सरळ लोंबत नव्हता. आडवा होऊन घराकडे बोट दाखवत होता. राजानं तो सोडवून कमरेला बांधला.

वेलावर शंभर कुलपं, सगळी सारखी. राजानं एकेकाला कान लावला. एकात वारा, एकात मुंग्या, एकात काहीच नाही. मग एकातून बारीक आवाज आला, "सत्तावीस, अठ्ठावीस, तीस..." वसुमती एकोणतीस नेहमी विसरे. ते कुलूप त्यानं तोडलं, नेऊन दाराच्या कोयंड्यात अडकवलं आणि सोनं खरवडू लागला.

शेवटची पट्टी उरली, तोच चौकटीतून एक थकलेला आवाज आला. "राजा, थांब. ती काढलीस तर माझं घर मोडेल. राहू दे. तुझं छत कधी गळणार नाही, भिंतीला तडा जाणार नाही, असं मी करीन."

कधी न गळणारं छत! राजाचा हात अडखळला. मग त्यानं विचारलं, "धूम्राक्षा, तुझं घर पुरं झालं का?"

"नाही. एक खोली राहिली आहे."

"किती वर्षं राहिली आहे?"

राजानं शेवटची पट्टी उपटली.

कमरेचा ओळंबा गर्रकन फिरला आणि सरळ जमिनीकडे स्थिरावला. कुलूप आपोआप गळून पडलं. दार उघडलं. ताकाचा गडू सांभाळत वसुमती बाहेर आली. तिचं बोट धरून एक वाकलेला म्हातारा आला, डोळे दिपल्यासारखा.

"हे आजोबा शंभर वर्षं दार शोधत होते," ती म्हणाली. "माझे आकडे ऐकून आले."

राणीनं लेकीला कवटाळलं. म्हातारा धूम्राक्ष उंबरठ्यावर बसला, दोन्ही हात त्यानं उन्हात धरले. मग म्हणाला, "राजा, कुठून आत शिरलो तेच विसरलो होतो. बांधायचं थांबलो असतो, तर आठवलं असतं."

त्यानं आपल्या हातानं सोनं पुन्हा पुरलं, शाप मागं घेतला आणि पायवाटेनं निघून गेला. विहिरीचं पाणी खाली आलं, वेलाला पिवळी फुलं धरली, सैपाकघराचं दार सैपाकघरातच उघडू लागलं. काही दिवस वसुमती मात्र प्रत्येक दाराशी थबके आणि विचारी, "बाबा, हे कुठं उघडतं?" राजा हातातलं काम टाकून येई, आणि आधी स्वतः आत जाऊन सांगे, "इथंच, बाळ. ये."

त्या घराला जशी आपली जागा सापडली, तशी ती तुम्हाआम्हाला सापडो.