वळचण नसलेला बंगला

आधीच सांगून ठेवतो, मागाहून कुरकुर नको. पावसाळ्यात याल तर हा बंगला दिसायचा नाही. दरवर्षी लोक येतात, समोर गवताची ही भिंत बघतात आणि आमच्यावरच डाफरतात, बंगला कुठाय म्हणून. अहो, तोच आहे तो, गवताआड! पावसाळाभर त्याचं तोंड झाकलेलंच असतं. का, ते ऐका.

हालम नावाचा एक गोरा साहेब या कारवीमाळावर आला. त्याला, असं सांगतात, आपल्या बापाच्या विलायतेतल्या घरासारखं हुबेहूब घर हवं होतं. मधोमध दार, दोन्ही अंगांना उंच खिडक्या, दोन टोकांना धुराडी, आणि छप्पर दिसू नये म्हणून दर्शनी भिंत कठड्यासारखी वर चढवलेली. देखणं होतं, खोटं कशाला बोलू? पण पडवी नाही, ओटी नाही, वळचण तर नावाला नाही. वर तोंड नैर्ऋत्येला. तिकडे विलायतेत म्हणे घरात ऊन यावं म्हणून असं बांधतात. आमच्याकडे त्याच दिशेने पाऊस येतो, तोही आडवा.

सटवाजी गवंड्याने कंठशोष केला. "साहेब, हातभर तरी वळचण काढू द्या."

"माझ्या वडिलांच्या घराला नव्हती."

"मग निदान पावसाळ्यात भिंतीवर गवताचे झाप बांधू. आम्ही सगळेच बांधतो."

तर साहेब म्हणाला, हा काय गोठा आहे? पालथ्या घड्यावर पाणी. सटवाजी इतका वैतागला, की शेवटचा दगड बसवून तडक वाघजाईच्या देवळात गेला आणि शपथ घेऊन मोकळा झाला, की या घराला पुन्हा हात लावणार नाही.

आषाढात मडमेला कळा सुरू झाल्या. घाट खचलेला, डॉक्टर येणार कुठून? साहेबाने वाडीतल्या ठकूबाई सुईणीला बोलावून नेलं. ही ठकूबाई म्हणजे सटवाजीची आई. तिने आत जाऊन पाहिलं तर खिडक्यांच्या फटींतून पाणी, जांभ्याची भिंत पाणी पिऊन पाझरतेय, भिंतीतली शेकोटी धरत नाही आणि बाई काकडतेय. अशा ओलीत मूल जगायचं नाही, हे म्हातारीने ओळखलं. तिने साहेबालाच गवत आणायला सटवाजीकडे पिटाळलं.

त्याला दारात बघून सटवाजी उखडला. "सांगत होतो तेव्हा कान कुठे गेले होते? आणि माझ्या शपथेचं काय?"

साहेब मान खाली घालून म्हणाला, "तुझ्या आईने सांगितलंय, हट्ट माझा होता, पण भिंत तुझ्या हातची आहे."

डोंगरावरचं गवत तर कधीच कापून घराघरावर चढलं होतं. सटवाजीने कोयता घेतला आणि स्वतःच्याच घराचे झाप सोडवायला सुरुवात केली. साहेबावर तोंडसुख घेणं चालूच होतं, पण हात थांबले नाहीत. वाडीतले चौघे मदतीला धावले. कठड्यावरून दोर सोडून त्यांनी बंगल्याचं तोंड झाकलं. पाणी थांबलं, शेकोटी धरली, आणि मुलगी झाली.

इकडे सटवाजीच्या घराची मातीची भिंत उघडी पडली होती. ती रात्रीत ढासळली, म्हातारीच्या खोलीसकट. लोक म्हणाले, शपथ मोडली म्हणून देवी कोपली. ठकूबाई म्हणाली, देवीला दुसरे उद्योग नाहीत का? भिंत पावसाने पडली.

साहेब चिखलात उभा राहिला. काय देऊ, म्हणून विचारू लागला. म्हातारी दमलेली, त्यात घर गेलेलं. ती वैतागून म्हणाली, "द्यायचं काय मेलं? पुढच्या वर्षी वेळेवर ये आणि आधी माझ्या घराला झाप बांध."

आणि तो आला म्हणे. शिडीवर चढून त्याने स्वतः झाप बांधला, असा वाकडा की सटवाजीला पुन्हा बांधावा लागला.

आजही बंगल्याचा मालक, मग तो कोणी का असेना, आधी सटवाजीच्या वंशातल्या गवंड्यांच्या घराला झाप बांधतो, मगच वाडी बंगल्याला हात लावते. गवंड्यांचं घर आता सिमेंटचं आहे, त्याला गवताची गरज नाही. मागे एका मालकाने आपल्याऐवजी गडी पाठवला होता. गवंड्यांच्या सुनेने त्याला चहा पाजून परत पाठवलं, आणि बंगल्याकडे कोणी फिरकलं नाही. शेवटी मालक आला, भिजलेला, चिडलेला. शिडीवर चढला. खाली शिडी त्या सुनेनेच धरली होती.