तीन छावण्यांतलं पळीभर तेल

एका राज्यात भूमीच्या पोटात काळ्या तेलाची विहीर होती. डोकावलं की भरदुपारी आत नक्षत्रं दिसत. त्या तेलावर साऱ्या पृथ्वीचे अग्निरथ धावत, गलबतं वाऱ्याविना चालत. विहीर मिटली, तर सात समुद्रांपलीकडच्या चुली विझत. म्हणून नौकांचा, भट्ट्यांचा आणि हिमाचा असे तीन सम्राट सैन्यांसह तिच्याभोवती तळ देऊन होते.

तिथली राणी मेघावती नुकतीच बाळंतीण. आईपण आलं की शहाणपण येतं म्हणतात. हिला नुसती धास्ती आली. त्या धास्तीपोटी तिने विहिरीवर झाकण घालून नौकांच्या सम्राटाची मोहोर लावली. बलाढ्य आहे, लेकीला राखेल, असा तिचा हिशोब.

त्याच दिवशी राजकन्येची पावलं दगडाची झाली. दुसऱ्या दिवशी गुडघे.

विहिरीच्या काठावरून भारद्वाज पक्षी बोलला, "राणी, बाळाच्या पहिल्या मालिशीचं तेल तीन शेजाऱ्यांकडून मागून आणायचं, ही या देशाची रीत. तू आणलंस?"

"घरची विहीर असताना मागायचं कशाला, असं वाटलं."

"शेजार तोडलेली विहीर शापते. दगड ओठांशी येण्याआधी या तिन्ही छावण्यांतून एकेक पळी आण."

राणी वाटी घेऊन पायी निघाली, भारद्वाज तिच्या मागोमाग. नौकांचा सम्राट म्हणाला, तेलाच्या महाराणीला भिकेचे डोहाळे लागले वाटतं. पण बाळाचं तेल नाकारणाऱ्याचा दिवा विझतो, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने दिलं. भट्ट्यांच्या सम्राटाच्या भट्ट्या थंडावल्या होत्या. त्याने खजील होऊन बुधल्याचा तळ निपटून दिला.

हिमाच्या सम्राटाच्या तंबूत एकच दिवा होता, आणि त्याच्या उबेला त्याचा तान्हा नातू.

"हे तेल दिलं, तर याला ऊब कोण देईल?"

इतक्यात दूत आला: दगड छातीवर चढला. दिवा हातभर अंतरावर होता. राणीने त्या नातवाकडे पाहिलं आणि आपली मुद्रा भारद्वाजाच्या चोचीत दिली.

"विहिरीवर सांग, मोहोर फोडा. पहिली घागर या तंबूत आणा. तोवर मी इथेच बसते."

मोहोर फुटली. तिन्ही सैन्यांनी तलवारी उपसल्या. तोच तेल आपणहून काठोकाठ वर आलं. एक घागर भरली, शंभर भरल्या, सहस्र भरल्या. पातळी तसूभर उतरली नाही. तलवार धरून घागर उचलता येईना, तेव्हा तलवारी म्यानात गेल्या. सैनिक रांगेला लागले आणि नंबरावरून भांडू लागले.

पहिली घागर तंबूत पोचताच सम्राटाने दिव्यातलं तेल वाटीत ओतलं.

राणी धावत लेकीपाशी आली. दगड हनुवटीला टेकला होता. मालिश आधी कुठून करतात, तेही तिला आठवेना. ती पावलांपासून चोळत गेली. दगड मऊ झाला, मग उबदार झाला.

मग राजकन्येने लाथ मारली, थेट आईच्या नाकावर. राणी म्हणाली, "अजून एक मार."