मरळीला लागलेला गळ

गळ आणि त्याच्याच दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं भेंड एकमेकांशी गप्पा मारत, त्या काळातली गोष्ट. सोनजी भोयाचा गळ रोज रिकामाच यायचा. कधी मुळांत अडकायचा, कधी सोनजीच्याच पागोट्यात.

एका धुकट सकाळी तो मरळीच्या लाल पिलांच्या थव्यात पडला आणि भलीमोठी मरळ त्याच्यावर झडपली.

"लागली एकदाची," गळ हरखला.

"भुकेनं नाही आली रे," वरून भेंड हळूच म्हणालं. "पिलांपासून तुला हाकलतेय."

दोरी ताणली गेली. गळानं अंग सैल सोडलं. मरळ सुटली.

सरळ झालेला गळ सोनजीनं उन्हात धरला. "केवढी असेल," तो पुटपुटला.

पुढे जन्मभर तो तिचीच गोष्ट सांगायचा. दर वेळी मरळ वीतभर वाढायची, आणि दारावर टांगलेला गळ गप्प राहायचा.